बालगृह, वसतिगृह की पाळणाघर? नोंदणीचे नियम मोडल्यास काय शिक्षा होते

अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावात मूल घराबाहेर जिथे जिथे ठेवले जाते, त्या सगळ्या जागांना बोलण्यात तीनच शब्द असतात: पाळणाघर, आश्रम आणि होस्टेल. कायद्याला एवढ्या शब्दांत भागवता येत नाही. समजा, एका गल्लीत शेजारी शेजारी दोन घरे आहेत. एकात नोकरदार आईवडिलांची दहा मुले दिवसभर सांभाळली जातात. दुसऱ्यात दहा निराधार मुले रात्रंदिवस राहतात. दुसरे घर नोंदणीशिवाय चालवले, तर चालकाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पहिल्या घराला मात्र महाराष्ट्रात असा वेगळा परवानाच लागत नाही, त्यामुळे परवाना नसल्याबद्दल शिक्षा होण्याचाही प्रश्न येत नाही. तिथे काही वाईट घडले तरच कायदा दारात येतो.

म्हणून नियम मोडल्यास शिक्षा काय, हे विचारण्याआधी संबंधित जागा कायद्याच्या लेखी नेमकी कोण, हे ठरवावे लागते.

नोंदणी कोणाला सक्तीची

या विषयातला मुख्य कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४१ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेली किंवा कायद्याशी संघर्ष झालेली मुले जिथे पूर्णतः वा अंशतः ठेवली जातात, अशी प्रत्येक संस्था नोंदणीकृत असली पाहिजे. संस्था सरकारी आहे की खासगी, तिला अनुदान मिळते की ती देणग्यांवर चालते, याने काही फरक पडत नाही. बालगृह, निरीक्षणगृह, खुले निवारागृह, दत्तक देणारी विशेष संस्था हे सगळे यात येतात.

‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल’ म्हणजे केवळ अनाथ मूल नव्हे. बेघर, भीक मागताना किंवा काम करताना सापडलेले, घरातल्या माणसाकडूनच ज्याला धोका आहे असे, किंवा आईवडील असूनही त्यांना ज्याचा सांभाळ करणे शक्य नाही असे मूलही त्यात येते. ही व्याप्ती बऱ्याच संस्थाचालकांच्या लक्षात येत नाही. ‘आमच्याकडे एकही अनाथ नाही, सगळ्यांचे पालक आहेत’ एवढ्या उत्तराने नोंदणी टळत नाही.

दुसरा गैरसमज धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा. न्यास म्हणून नोंद झालेली संस्था कायदेशीर असते, पण तेवढ्यावर तिला मुले ठेवता येत नाहीत. संस्थेची नोंद आणि मुलांच्या निवासाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र नेमके कोणत्या कायद्याखालचे आहे, हे देणगीदारांनीही वाचून पाहायला हवे.

कलम ४२: शिक्षा आणि तिची मोजणी

नोंदणी न करता संस्था चालवणाऱ्या प्रमुख व्यक्तीला कलम ४२ नुसार एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इथली शब्दरचना पाहण्यासारखी आहे. कैदेला वरची मर्यादा आहे, खालची नाही. दंडाचे नेमके उलट आहे: त्याला खालची मर्यादा आहे, वरची नाही. शिवाय नोंदणीसाठी अर्ज करण्यात झालेला दर ३० दिवसांचा उशीर हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. म्हणजे वर्षभर अर्जच केला नाही, तर कागदावर बाराएक गुन्हे होतात.

ही वाढ किती मोठी आहे ते जुन्या कायद्याशी ताडून पाहिले की कळते. अनाथालये व इतर धर्मादाय गृहांवर देखरेख ठेवण्यासाठी १९६० मध्ये केंद्राने केलेल्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २५० रुपयांपर्यंत दंड होता. पुढे २००० च्या बाल न्याय कायद्यात २००६ च्या दुरुस्तीने सक्तीची नोंदणी आली, पण नोंदणी न करणाऱ्यासाठी वेगळे शिक्षेचे कलम नव्हते. २०१५ च्या कायद्याने ती उणीव भरून काढली. तरीही देशभरात अनेक संस्था नोंदणीबाहेरच राहिल्या. शेवटी तमिळनाडूतील अनाथालयांमधल्या शोषणाबाबतच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी निकाल दिला आणि सर्व संस्थांची नोंदणी त्या वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्यास सांगितले.

कलम ४२ वाचताना कडक वाटते. प्रत्यक्षात त्याची धार बोथट करणारी एक गोष्ट त्याच कायद्यात पुढे, कलम ८६ मध्ये आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र आणि जामीनपात्र आहेत. नोंदणीशिवाय बालगृह चालवणे हा गुन्हा याच गटात मोडतो. म्हणजे केवळ नोंदणी नाही एवढ्या कारणावरून अमळनेर पोलीस कोणाला वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. तपासालाही आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने (ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली) या कायद्याखालचे खटले बाल न्यायालयात चालवण्याची तरतूद केली, पण तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हेही अदखलपात्र करून टाकले. मुलांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यात हा बदल कशासाठी, असा प्रश्न तेव्हा बाल हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी विचारला होता आणि तो रास्त होता.

अर्ज केला, पण उत्तरच आले नाही तर?

संस्थाचालकांची नेहमीची तक्रार असते की कागद दिले, पण कार्यालय हलत नाही. कायद्याने याचा विचार केलेला आहे. अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात तात्पुरती नोंदणी द्यायची असते आणि ती सहा महिन्यांपर्यंत चालते. महिनाभरात ती मिळाली नाही, तर अर्जाची पोचपावती हीच तात्पुरती नोंदणी मानली जाते. सहा महिन्यांत अर्ज निकाली निघाला नाही, तर ती वरिष्ठ अधिकाऱ्याची कर्तव्यातील कसूर ठरते आणि विभागीय चौकशी होऊ शकते. म्हणून शिक्का मारलेली पोचपावती जपून ठेवणे हे चालकाच्या हिताचे आहे. पक्की नोंदणी पाच वर्षांची असते. ती संपली की नूतनीकरण करावे लागते.

नोंदणी मागताना जागा आणि माणसे दोन्ही दाखवावी लागतात. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ५० मुलांच्या संस्थेचा नमुना दिला आहे. त्यात प्रत्येकी २५ मुलांसाठी १,००० चौरस फुटांची दोन शयनदालने, म्हणजे एका मुलामागे ४० चौरस फूट जागा, आठ शौचालये आणि पाच न्हाणीघरे धरली आहेत. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१८ मध्ये आले. भाड्याच्या दोन खोल्यांत वीस मुले ठेवून सद्भावनेने चालवलेले काम या मापात बसत नाही. चालक वाईट नसतात, पण आग लागली किंवा साथ आली की त्या दोन खोल्यांत सद्भावनेचा उपयोग होत नाही.

नोंदणी रद्द झाली तर मुलांचे काय

मुलांच्या पुनर्वसनाच्या सेवा न देणाऱ्या संस्थेची नोंदणी राज्य सरकार रोखू किंवा रद्द करू शकते. अशा वेळी नोंदणी पुन्हा मिळेपर्यंत संस्थेचे व्यवस्थापन सरकारने पाहायचे, असे कलम ४१ सांगते. म्हणजे दाराला कुलूप लावून मुलांना बाहेर काढणे हा कायद्याने दिलेला मार्ग नाही. मुलांना दुसरीकडे हलवायचे झाले, तर तो निर्णय बाल कल्याण समितीने घ्यायचा असतो.

तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा संस्थेला भेट द्यायची असते. भेटीच्या पथकात कमीत कमी तीन सदस्य हवेत. त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असला पाहिजे. भेटीनंतर आठवड्याभरात अहवाल द्यायचा असतो. नोंदणी नसलेल्या जागेतही ही समिती शिरू शकते आणि तिथे राहणारी मुले कायद्याच्या कक्षेत येतात का, ते पाहू शकते. ‘आमची नोंदणीच नाही, मग तपासणी कशाची’ असे म्हणून तिला दारातून परत पाठवता येत नाही.

मूल परस्पर ठेवून घेतले तर

अमळनेर सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. स्थानकावर एकटे सापडलेले मूल कोणी दयाळू माणूस घरी नेतो किंवा ओळखीच्या आश्रमात पोहोचवतो. हेतू चांगला असला तरी कायद्याचा मार्ग वेगळा आहे. पालकांपासून ताटातूट झालेले, सोडून दिलेले किंवा निराधार वाटणारे मूल सापडल्यास २४ तासांच्या आत पोलीस, १०९८ ही बालमदत वाहिनी, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे लागते. नाही कळवले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही सक्ती सामान्य माणसाला आहे, तशीच रुग्णालयालाही आहे.

त्याच मुलाला पुढे एखाद्या निपुत्रिक जोडप्याच्या हाती परस्पर सोपवले, तर प्रकरण फार गंभीर होते. ठरलेली दत्तक प्रक्रिया डावलल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होतात. पैसे घेतले असतील तर ती मुलाची विक्री ठरते आणि पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपये दंड होतो. मूल ज्यांच्या ताब्यात होते त्यांनीच, म्हणजे रुग्णालय किंवा प्रसूतिगृहासह कोणीही, ते विकले तर शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षांची आहे.

वसतिगृहांचा प्रश्न

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. असे वसतिगृह आज चालवायचे, तर कलम ४१ ची नोंदणी लागेल का? सहसा नाही. घर आहे, पालक आहेत, केवळ शिक्षणासाठी मूल गावाबाहेर राहते, अशा मुलांचे वसतिगृह म्हणजे बालगृह नव्हे. समाजकल्याण विभागाची वसतिगृहे त्या विभागाच्या नियमांनी चालतात. आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाखाली येतात आणि जळगाव जिल्ह्यासाठी त्याचे प्रकल्प कार्यालय यावलला आहे.

पण ‘पूर्णतः वा अंशतः’ हे शब्द इथे महत्त्वाचे ठरतात. वसतिगृहात पन्नास शाळकरी मुलांबरोबर पाच निराधार मुले कायम राहत असतील, सुट्टीतही त्यांना जायला घर नसेल, तर ती जागा नोंदणीच्या कक्षेत येते. धार्मिक शिक्षण देणाऱ्या निवासी संस्थांबाबत हाच वाद होतो. आळंदीतल्या काही खासगी वारकरी शिक्षण संस्थांमधून मुलांवरील अत्याचाराच्या तक्रारी आल्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनाने तिथल्या संस्थांची तपासणी हाती घेतली. अशा संस्थांच्या पाटीवर गुरुकुल, मदरसा, छात्रालय यांपैकी काहीही लिहिलेले असले, तरी तपासणाऱ्याने आत कोणती मुले राहतात तेच पाहायचे असते.

नोंदणी आहे, तरीही

नोंदणी म्हणजे मूल सुरक्षित असल्याची हमी नव्हे. बिहारमधल्या मुझफ्फरपूरचे बालिकागृह सरकारी पैशावर चालत होते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने बिहारमधल्या निवारागृहांची पाहणी केली, तेव्हा तिथले अत्याचार २०१८ मध्ये उघड झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप सुनावली.

जळगाव जिल्ह्यातही असे प्रकरण झाले. एरंडोल तालुक्यातील मुलींच्या एका वसतिगृहात पाच अल्पवयीन मुलींवर काळजीवाहकाने लैंगिक अत्याचार केल्याचा गुन्हा जुलै २०२३ मध्ये दाखल झाला आणि त्याला अटक झाली. (मुलींची ओळख पटेल असे काही छापणे हाही बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गावाचे, संस्थेचे नाव सर्रास पसरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.)

अशा प्रकरणांत नोंदणीचे कलम मागे पडते आणि जड कलमे लागतात. मुलाला मारहाण करणे, त्याच्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे किंवा त्याचा छळ करणे यासाठी कलम ७५ आहे. एरवी त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत असते. मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने हे केले, तर ती पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड अशी होते. त्या क्रौर्यामुळे मूल अपंग किंवा मानसिकदृष्ट्या आजारी झाले, तर शिक्षा तीन ते दहा वर्षांची. शिस्तीच्या नावाखाली छडी मारणाऱ्यासाठी वेगळे कलम ८२ आहे: पहिल्यांदा १०,००० रुपये दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय नोकरी जाते आणि पुढे मुलांबरोबर काम करता येत नाही.

लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायदा लागतो. मुलांना सेवा देणाऱ्या संस्थेच्या चालकाने किंवा कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार त्या कायद्यात अधिक गंभीर धरला आहे. लिंगप्रवेशी अत्याचाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षे सक्तमजुरी आहे. हाताखालच्या माणसाचे कृत्य कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होते. ‘संस्थेची बदनामी नको’ म्हणून मिटवामिटवी करणारे पदाधिकारी या कलमात अडकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झालेल्या बदलापूरच्या शाळेतील प्रकरणात शाळेच्या विश्वस्तांवर गुन्हा दाखल झाला तो याच कारणासाठी.

दिवसाचे पाळणाघर: परवाना कुठे आहे?

आता पहिल्या घराकडे. घरगुती किंवा खासगी पाळणाघर सुरू करण्यासाठी महाराष्ट्रात बालगृहासारखा स्वतंत्र परवाना नाही. पाळणाघराच्या भिंतीवर दिसतो तो सहसा शॉप ॲक्टचा कागद. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यायची असते. तिथे कोणी येऊन जिन्याला कठडा आहे का, सांभाळणारी बाई किती मुले बघते, हे तपासत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या मुलीला निर्दयपणे मारल्याचे सीसीटीव्हीत दिसले. आयाला आणि चालक महिलेला अटक झाली. ती मारहाणीबद्दल आणि हलगर्जीबद्दल होती. नियमावलीची चर्चा त्यानंतर राज्यभर झाली. केंद्राने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती मुख्यतः कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी आहेत. आपल्या गल्लीतल्या पाळणाघराने ती पाळली नाहीत, म्हणून थेट शिक्षा होत नाही. नर्सरी आणि प्ले ग्रुपचेही बरेचसे असेच आहे. शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर माहिती नोंदवायला सांगितले. त्याच नर्सरीने मान्यतेशिवाय पहिलीचा वर्ग काढला, तर मात्र शिक्षण हक्क कायद्याने १ लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे दररोज १०,००० रुपये लागू शकतात.

म्हणजे दिवसाच्या पाळणाघरात मारहाण झाली तर कलम ७५, लैंगिक अत्याचार झाला तर पोक्सो, निष्काळजीपणे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (पाच वर्षांपर्यंत कैद). सगळी कलमे घटना घडल्यानंतरची. तोपर्यंत जागा पाहण्याचे काम पालकांवरच पडते.

कामाच्या ठिकाणचे पाळणाघर मात्र कायद्याने बांधलेले आहे. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये ३० पेक्षा जास्त महिला कामगार असतील, तर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे होते. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विप्रोचा जन्म १९४५ मध्ये अमळनेरच्या तेल-वनस्पती तुपाच्या कारखान्यात झाला. गावाला कारखान्याची सवय जुनी, त्यामुळे ‘३० बायकांचा नियम’ इथल्या जुन्या कामगारांना नवा वाटू नये. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याचा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतही ५० चाच आकडा आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेत, वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल अशा उल्लंघनाला २ ते ३ लाख रुपये दंड आहे. कैद गेली, दंड वाढला. पण महिलांची संख्या ३१ आणि एकूण कामगार ४५ असलेला छोटा कारखाना या बदलात सक्तीतून सुटला, हेही खरे.

दिव्यांग मुलांच्या संस्था

दिव्यांग मुलांसाठीच्या शाळा व निवासी संस्थांना २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखाली वेगळी नोंदणी लागते. हा कायदा मोडल्यास पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. तिथे निराधार दिव्यांग मुले राहत असतील, तर बाल न्याय कायद्याची नोंदणीही हवी.

तक्रार कुठे करायची

अमळनेरच्या माणसाला संशय आला, तर सर्वांत जवळचा मार्ग १०९८ हा आहे. हा क्रमांक २०२३ पासून ११२ शी जोडला जात आहे. लेखी तक्रार जळगावच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा बाल कल्याण समितीकडे देता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर या यंत्रणेवर जिल्हाधिकाऱ्यांची थेट देखरेख आहे. मारहाणीचा किंवा लैंगिक अत्याचाराचा प्रकार असेल, तर जळगावची वाट न बघता स्थानिक पोलीस ठाण्यात जावे. पोक्सोची तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांना नकार देता येत नाही, आणि नोंदवली नाही तर त्या अधिकाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीत संस्थेचे नाव, पत्ता, अंदाजे किती मुले आणि ती रात्री तिथे राहतात की संध्याकाळी घरी जातात, एवढे लिहावे. शेवटच्या मुद्द्यावरून पुढे कोणते कलम लागणार ते बरेचसे ठरते.